नऊ मेंढरं जास्तीची

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रेशर कुकर आला त्या दिवशी मी त्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहून टाकलं, ‘वरणासाठी नाही’. दुपारपर्यंत त्याखाली कोणीतरी हिरव्या पेननं ‘बिर्याणीसाठीपण नाही’ असं जोडलं होतं. कोणीतरी म्हणजे चाचा. आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, मूळचे सिल्लोडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मला ताई म्हणतात आणि वर मलाच कामं सांगतात.

कुकर आणायचं कारण असं. गाठ कापून आली की तिचा तुकडा आम्ही मेणात बसवतो, मेणाचा पापुद्र्याहून पातळ काप काढतो, तो काचेवर चिकटवतो आणि रंगवतो. इतकी वर्षं मी दोनच रंग पाहत आले, गुलाबी आणि निळा. पण त्वचेच्या काही गाठी अशा असतात की त्या दोन रंगांत जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एक निरुपद्रवी, दुसरी मुळं सोडणारी. त्यांना वेगळं काढायला मार्कर लागतात. मार्कर म्हणजे थेंबभर औषध, जे पेशीतली एकच ठरावीक गोष्ट शोधतं. सापडली तर तिथं तपकिरी रंग उमटतो, नाही सापडली तर तो भाग निळाच राहतो. काप कुकरमध्ये उकळून काढला की मार्करला ती गोष्ट सापडणं सोपं जातं. पूर्वी यासाठी आम्ही मेणाचे ठोकळे पुण्याला कुरिअरनं पाठवायचो आणि आठ-दहा दिवस वाट बघायचो. आता मार्करच्या चिमुकल्या बाटल्या आमच्याच फ्रिजमध्ये होत्या.

पहिले दोन महिने आम्ही सगळे वेड्यासारखे वागलो. शेवटचा थेंब टाकायचा, काच मायक्रोस्कोपखाली धरायची आणि बघत बसायचं. आधी काहीच नाही. मग कुठंतरी कोपऱ्यात कडक चहाचा शिडकावा व्हावा तसं काहीतरी. मग एकदम सगळीकडे. चाचा ईदचा चंद्र दिसल्यासारखे खुर्चीतून अर्धे उठायचे. मी पन्नाशीची बाई, दोन मुलांची लग्नं याद्या करून पार पाडलेली, पण तपकिरी उमटलं की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. बँकेच्या रांगेत उभी असतानासुद्धा तो रंग आठवून मला हसू यायचं.

याद्यांचं म्हणाल तर त्या मी करतेच. फ्रिजमध्ये कोणती बाटली कोणत्या कप्प्यात, कुकरच्या किती शिट्ट्या, कोणती काच किती वेळा धुवायची, सगळं भिंतीवर. सगळं देवनागरी आकड्यांत, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि इंग्रजी आकडा लिहिताना मला अजून तो दुसऱ्या कोणाचा वाटतो. चाचा म्हणायचे की ताईंकडे याद्यांचीसुद्धा यादी आहे. होती. भिंतीवरच्या नियमांत चौथा नियम असा: नातेवाइकांना निकाल आपण सांगायचा नाही, मॅडम सांगतील.

मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एरवी सारख्या हसणार, पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की शेजारी भांडं पडलं तरी मान वळवायच्या नाहीत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हा ती बाई आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, पदरात एक बाटली गुंडाळलेली. बाटलीत औषधी पाण्यात बुडवलेला तिच्या नवऱ्याच्या गाठीचा तुकडा होता. नवरा धनगर, खुलताबादच्या वरच्या डोंगरात मेंढरं राखणारा. उजव्या खांद्यावर बोराएवढी गाठ, वर्षभरात हळूहळू वाढलेली. सर्जननं तपासायला बारीकसा तुकडा काढून दिला होता आणि तो घेऊन ती आमच्याकडे पोचली होती.

मी तिला पावती दिली आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. ती गेली नाही. हर्सूलला बहिणीकडे उतरले आहे, बहिणीकडे बसून तरी काय करू, म्हणाली. बाहेरच्या बाकावर बसली, पिशवीतून लोकर आणि टकळी काढली आणि सूत काढायला लागली. आमच्या चकचकीत फरशीवर टकळी गरगरत राहिली. दुसऱ्या दिवशीही सकाळी दहाला ती हजर.

तिच्या घरचा प्रश्न मला त्या दोन दिवसांत तिच्याकडूनच तुकड्या-तुकड्यानं कळला. दिवाळी झाली की त्यांचा कळप डोंगर उतरून पैठणच्या बाजूला गोदेकाठी जातो आणि पाऊसकाळ जवळ आला की परत येतो. जाताना वाटेत जन्मलेली कोकरं नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, तीही त्याच खांद्यावर. गाठ साधी असली तर राहिलेला भाग काढून चार टाके, आणि कळप आठवडाभरात वाटेला लागणार. ती दुसरी असली तर चारी बाजूंनी दोन-तीन बोटं सोडून खोलवर मांस काढायचं, मांडीची कातडी तिथं लावायची आणि हात महिनोन्‌महिने झोळीत. कळप न्यायला मग तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तिनं मला एकदाच विचारलं, खांदा राहतो का. मी नियम क्रमांक चार दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं बोट भिंतीकडे गेल्याचं तिला समजलं.

गुलाबी-निळ्या रंगात मॅडमना काय दिसलं ते त्यांनी मलाही दाखवलं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, चटईच्या विणीसारख्या आडव्यातिडव्या गुंतलेल्या. मी म्हटलं, या तर टकळ्याच आहेत, आणि मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या, कारण इंग्रजीतही त्यांना टकळीच्याच पेशी म्हणतात. बाहेर टकळी, आत टकळ्या. पण तुकडा वरवरचा होता. गाठ खाली चरबीत शिरली आहे की नाही ते त्यात दिसत नव्हतं, आणि दोन्ही जुळ्या बहिणी चटई अशीच विणतात. मार्कर लागणारच होते. कोणते, ते फोन करून सांगते म्हणाल्या आणि दुसऱ्या हॉस्पिटलला निघून गेल्या.

फोन आला तेव्हा मी कुकरसमोर उभी होते. एका हातात स्टॉपवॉच, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, पुढ्यात यादीची वही. मॅडमनी तीन नावं सांगितली. एक एस हंड्रेड, तो मज्जातंतूंची शंका घालवायला. एक तेरा नंबरचा, जो बहुधा साध्या गाठीत उमटतो. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा, चौतीस. तो मुळं सोडणाऱ्या गाठीत गच्च तपकिरी उमटतो आणि साध्या गाठीत उमटत नाही. मी लिहून घेतलं, शिट्टी मोजली, गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला काचा तयार झाल्या. मॅडम यायच्या होत्या. काचा आधी तपासून लावणं हे आमचं काम. प्रत्येक काचेवर रुग्णाच्या कापाशेजारी टॉन्सिलचा एक काप असतो. तिथं रंग उमटला की मार्कर चालला असं समजायचं. माझ्या यादीत त्यासाठी चौकट आहे: ‘टॉन्सिल तपकिरी? हो / नाही’. एस हंड्रेड, गाठ कोरी. तेरा, थोडं इथं, थोडं तिथं, कौल देण्यासारखं नाही. मग तिसरी काच. टॉन्सिल इतकं देखणं तपकिरी झालं होतं की मी चौकटीत एकाऐवजी दोन बरोबरच्या खुणा केल्या. आणि गाठ निळी. एक टकळीसुद्धा रंगलेली नाही.

मी चाचांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “हौ ताई, एकदम साफ है.” आम्ही दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. आमच्या वयाला शोभेल अशी नव्हती ती.

मग मी बाहेर गेले. शपथेवर सांगते, निकाल सांगायला नाही. पाणी प्यायला. माठ बाकाशेजारीच होता. मी त्या बाईला फक्त एवढं विचारलं की चहा घेणार का. तिनं टकळी थांबवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण तोंड वाचता येत होतं, आणि माझ्या तोंडावर त्या वेळी सगळा अहवाल छापलेला असणार.

“कळलं मला,” ती म्हणाली. “चहा ऱ्हाऊ द्या.”

आणि मी काही बोलायच्या आत तिनं फोन काढला. एक वाजायला आला होता. डोंगरात तिच्या नवऱ्याचा फोन तेवढ्याच वेळी लागायचा, कळप पाण्यावर उतरला की. नंतर दुसऱ्या दिवशी एकपर्यंत नाही. ती पॅसेजभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलली की खांदा राहतोय, सकाळी मेंढरं हाकायला हरकत नाय, डॉक्टरकडं आता यायची गरज नाय. मी पाण्याचा पेला हातात धरून उभी. थांबवायला हवं होतं. पण मला काय वाटत होतं ते खरं सांगते: मला फार छान वाटत होतं. मी आत जाऊन चाचांना म्हटलंसुद्धा की नियम मोडला नाही, नियम वाकला.

सव्वा वाजता मॅडम आल्या. मी तिन्ही काचा त्यांच्यापुढे ताटात वाढाव्यात तशा ठेवल्या. पहिली पाहिली. दुसरी पाहिली. तिसरीवर थांबल्या. काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली.

“रक्तवाहिन्या कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. चौतीस नंबर फक्त त्या वाईट गाठीत उमटत नाही. तो प्रत्येक माणसाच्या प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात उमटतो. माणूस साध्या गाठीचा असो की कुठलीच गाठ नसलेला असो, त्याच्या कातडीत तपकिरी कड्या दिसायलाच हव्यात. इथं एकही कडी नव्हती. रंगल्या होत्या त्या इकडेतिकडे विखुरलेल्या पांढऱ्या पेशी. आणि टॉन्सिल? टॉन्सिलमध्येही चौतीसनं फक्त बारीक कड्या दाखवायला हव्या होत्या. आमचं सगळंच्या सगळं तपकिरी झालं होतं, आणि मी त्यालाच देखणं म्हणून दोन खुणा केल्या होत्या.

मॅडमनी वही मागितली. माझ्या अक्षरात, स्वच्छ, अधोरेखित केलेलं: ४३.

मराठीत चौतीस म्हणताना चार आधी कानावर पडतो. शाळेत यासाठीच आम्हाला ओरडून पाठ करायला लावत, तिनावर चार चौतीस, म्हणजे बोलताना चार पुढे असला तरी लिहिताना तीन पुढे. पहिलीतली मुलं हमखास उलटं लिहितात. मी पन्नासाव्या वर्षी लिहिलं. कान म्हणाला चौ, हातानं चार काढला. कान म्हणाला तीस, हातानं पुढे तीन काढला, आणि तोवर शिट्टी झाली. नशीब असं की त्रेचाळीस नंबरची बाटलीही आमच्या फ्रिजमध्ये होती, रक्ताच्या वेगळ्याच आजारासाठी, आणि माझ्या यादीमुळे ती अगदी जागेवर सापडली. बाटली यादीप्रमाणे, काच यादीप्रमाणे, खुणा यादीप्रमाणे.

चाचा म्हणाले की चूक दोघांची आहे, त्यांनीही पाहिलंच होतं. मी म्हटलं, लिहिलं मी. मॅडम म्हणाल्या की चूक वाटून घेण्यापेक्षा मेणाचा ठोकळा काढा आणि पुन्हा काप पाडा, संध्याकाळी पाचपर्यंत मला बरोबरची काच हवी. मग थांबून त्यांनी विचारलं, बाहेर कोणाला काही सांगितलं नाही ना. मी सांगितलं की सांगितलं नाही, पण कळलं.

मला बाहेर पाठवू नका असं मनातून वाटत होतं. पण मॅडम माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या, तेव्हा गेले. ती बाई सूत गुंडाळून पिशवी भरत होती. मी बाकावर तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं की निकाल अजून लागलेलाच नाही. दुसरीच बाटली वापरली गेली. गाठ साधी असेलही, नसेलही.

“माझी चूक आहे, बाई,” मी म्हटलं. “चौतीस लिहायचं होतं, मी त्रेचाळीस लिहिलं.”

ती आता रागावेल, रडेल, मॅडमना बोलवा म्हणेल, या सगळ्यासाठी मी तयार होते. तिनं बोटांवर काहीतरी जुळवलं.

“आमी इसानं मोजतो,” ती म्हणाली. इसा म्हणजे वीसचा गट. “चौतीस म्हंजी एक इसा चौदा. त्रेचाळीस म्हंजी दोन इसा तीन. नऊ मेंढरं जास्तीची दिसली की ताई तुमाला. आन् तुमी म्हनलात, बरोबर हाय?”

मी हो म्हटलं.

“एवढी शिकल्याली बाई,” ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा फुटला. आधी वाटलं रडते आहे. ती हसत होती. पदर तोंडावर धरून, खांदे गदगदा हलवत. नऊ मेंढरं, नऊ, असं म्हणत. मला हसायचा काही अधिकार नव्हता, पण मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आत चाचांना वाटलं काहीतरी भयंकर झालं, ते दारात येऊन उभे राहिले. हसणं ओसरलं तसं तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून टकळी परत बाहेर काढली. त्याचा फोन आता उद्याच लागेल, म्हणाली. सकाळी तो मेंढरं हाकणार. गाठ वाईट निघाली तर मी वाटेत जाऊन आडवी पडेन. “तुमी आता नीट मोजा. मी हाय हितंच.”

आत आलो आणि कामाला लागलो. मी वही मिटून कपाटात ठेवली. बाटली फ्रिजमधून चाचांनी काढली, आधी मला दाखवली, मग मॅडमना, मग खिडकीच्या उजेडात स्वतः पाहिली. मी म्हटलं, तिनावर चार. चाचा म्हणाले, चौतीस. बफर, म्हणजे काप उकळायचं पाणी, ओतला, तिनावर चार, चौतीस. कुकरला शिट्टी लावली, तिनावर चार, आणि या वेळी मॅडमही म्हणाल्या, चौतीस. त्या इंग्रजी शाळेत शिकल्या होत्या. हा पाढा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटला आणि त्यांना तो इतका आवडला की काच धुताना त्या पार एकोणचाळीसपर्यंत गेल्या, तिथं अडखळल्या आणि आम्हाला विचारू लागल्या की लिहायचा तीन, तर म्हणताना चाळीस कुठून आले. चाचा म्हणाले, “मॅडम, आज नक्को. आज चौतीसच.” तीन मोठी माणसं, एक कुकर, आणि भर दुपारी पहिलीचा वर्ग. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं की माझं मलाच कळेना, हे काय चाललं आहे.

पावणेपाचला शेवटचा थेंब टाकला. मॅडमनी काच स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली घेतली आणि दुसरा डोळा मला दिला, त्या यंत्राला दोघांनी एकदम पाहायची सोय आहे. आधी काहीच नाही. मग एक कडी. अगदी बारीक, तपकिरी, मधोमध पोकळ. मग दुसरी. मग कितीतरी. रक्तवाहिन्या, हजर. मी श्वास सोडला. चाचा मागून विचारत होते, आया क्या, आया क्या.

मॅडम गाठीकडे सरकल्या. काठावर पोचलो आणि मला तपकिरी टकळ्या दिसल्या. दहा-बारा, ओळीनं. माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण मॅडम म्हणाल्या, थांबा, काठावर एवढं साध्या गाठीतही दिसतं, आत जाऊ द्या. आत गेल्या. निळं. अजून आत. निळंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चटईच्या चटई, सगळी निळी, आणि मधूनमधून त्या तपकिरी कड्या, मार्कर चालला आहे हे बजावणाऱ्या. मॅडमनी ती काच तीन वेळा पाहिली. मग दुपारची तेरा नंबरची परत पाहिली, जिच्यात थोडं इथं थोडं तिथं होतं, आणि आता त्या थोड्यालाही अर्थ आला.

“साधी आहे,” त्या म्हणाल्या.

या वेळी बाहेर त्या स्वतः गेल्या. मी दारात उभी राहिले, तोंड भिंतीकडे करून. मॅडमनी समजावून सांगितलं की गाठ निरुपद्रवी आहे, पण राहिलेला भाग सर्जनकडून काढून घ्यायचा, तो भागही आमच्याकडे तपासायला आणायचा, टाके निघेपर्यंत त्या खांद्यावर वजन घ्यायचं नाही. ती बाई सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, कोणी मोजलं. मॅडम म्हणाल्या, तिघांनी.

पुढचं मला तिच्या नवऱ्याकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन लागला तेव्हा तो कळपासह घाट उतरत होता आणि टाके बिके नंतर बघू म्हणत होता. तिनं त्याला वाटेतच थांबवलं, गाडीनं जाऊन काठी हातात घेतली आणि त्याला परतीच्या बसमध्ये बसवलं.

दोन आठवड्यांनी तो लॅबमध्ये आला. उंच, हडकुळा, उजव्या खांद्यावर पट्टी, घोंगडी डाव्या खांद्यावर. टाके त्याच सकाळी काढून आला होता. राहिलेल्या गाठीचा अहवाल तयार होता, तीही साधीच. तो न वाचता त्यानं घडी घालून बंडीत ठेवला आणि चाचांना विचारलं, मोजणीत चुकलेली बाई कोणती. चाचांनी एका क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट केलं.

त्यानं हात जोडले. मग म्हणाला, गाठ बघता येईल का. मी मॅडमकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मी ती बरोबरची काच लावून दिली. तो वाकला, एक डोळा मिटून खूप वेळ पाहत राहिला. या तपकिरी कड्या कसल्या, विचारलं. मी म्हटलं, तुमच्या रक्ताच्या वाटा. त्या बघून तो जरा गंभीर झाला.

“आन् यातला मी कुठला?”

“सगळे तुम्हीच,” मी म्हटलं.

त्याला ते काही पटलं नाही. त्यानं घोंगडी सावरली आणि बिडकीनकडे जाणारी गाडी कुठून मिळेल ते विचारलं. बायको कळप घेऊन एकटी पुढे गेली होती, आणि संध्याकाळच्या आत त्याला तिला गाठायचं होतं.